चहात काहीतरी

मी मुळात चहाचा माणूस. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं दारूचा विषय येणार आहे आणि एकदा दारूचं नाव निघालं की लोकांना बाकीचं ऐकू येत नाही. दूधवाला बदलला की मला पहिल्या घोटात कळतं. पत्ती जास्त उकळली, आलं किसण्याऐवजी ठेचलं, भांडं नीट विसळलं नव्हतं, सगळं कळतं. यावरून घरात माझी चेष्टा व्हायची. बायको म्हणायची, "तुमाला कंपनीनं उगंच स्टोअरला बसवलंय, चहा चाखायला ठेवायला पायजे व्हतं."

अशा माणसाच्या चहात काही वेगळं आलं, तर ते त्याला कळणारच. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरच्या चहाला एक बारीक कडसर चव यायला लागली, गंजक्या नळाच्या पाण्याला येते तशी. कपाच्या तळाशी पांढुरका गाळ दिसायचा. मी एकदा विचारलं, "यात काय घातलंय?" बायको म्हणाली, "काय घालीन? साखर." मी तो कप संपवला. त्या दिवसांत मी कशाचीही तक्रार केली की ती फक्त माझ्याकडं बघायची, आणि तिच्या त्या बघण्याला माझ्यापाशी उत्तर नसायचं.

कारण दारू मी रोज पीत होतो. चितेगावच्या कंपनीची बस संध्याकाळी क्रांती चौकात सोडायची, तिथून घर पायी जाण्याइतकं जवळ होतं, आणि मधे बार होता. दोष बारचा नाही. त्याच रस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं, होमिओपॅथीचा दवाखाना होता, त्यांत मी कधी शिरलो नाही. 'घेणं' हा आपल्याकडं मोठा सोयीचा शब्द आहे. चहाही घेतात आणि दारूही घेतात. चहा घेतला, दारू घेतली. काना आणि वेलांटी, एवढाच काय तो फरक. मी घरी पोचलो की बायको दारातच विचारायची, "घेतली?" पुढं 'का' लावण्याचे कष्टही तिनं सोडून दिले होते.

चहा बदलला त्याच सुमारास मला दारूही बाधायला लागली. दोन घोट गेले की तोंड लालबुंद व्हायचं, छातीत धडधडायचं, मळमळायचं. चहाचा आणि याचा संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. मी बारवाल्यावर संशय घेतला. मालात भेसळ करतोस म्हणून त्याच्याशी भांडलो, दुसरी बाटली मागवली, तिसरी मागवली. शेवटी एका संध्याकाळी चौकातच, रसवंतीच्या बाकड्याजवळ, मी खाली कोसळलो. लोकांना हार्ट अटॅक वाटला. दवाखान्यात हृदय ठीक निघालं. डॉक्टरांनी तोंडाला येणारा वास घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी मेव्हणा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, घरी नाय जायचं. फुलंब्री रोडला एक सेंटर हाय." मी हो म्हणालो. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. मी भ्यालो होतो.

सेंटर शेतात होतं. कडुलिंबाची झाडं, लांबट बैठी इमारत आणि पाटीवर 'सर्वांगीण उपचार' अशी अक्षरं. सर्वांगीण म्हणजे काय ते हळूहळू कळलं. गोळ्या, योगासनं, समुपदेशन, वाफ्यातलं काम आणि दुधी भोपळा. दुधी भोपळ्याचं मनाशी काय नातं आहे ते मला अजून समजलेलं नाही, पण तो ताटात असायचाच. तिथं दारूवाले होते तसे मनाच्या आजाराचेही होते, आणि दोन्ही असलेलेही बरेच होते. सगळे एकत्र जेवायचे. झोपायच्या खोल्या मात्र ज्याच्या त्याच्या दुखण्याप्रमाणं ठरायच्या, आणि माझ्या खोलीचा घोटाळा तिथंच झाला.

पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी मला एकट्याला समोर बसवलं. तरुण होत्या, आवाज मऊ. झोप, भूक, हाताचा कंप, सगळं विचारून झालं आणि मग म्हणाल्या, "घरात काही त्रास?"

"बायको चहात काहीतरी घालते," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "असं तुम्हाला कधीपासून वाटतंय, काका?"

"वाटत नाही. घालते."

"तुम्ही तिला घालताना बघितलंय?"

"नाही. चवीवरून कळतं."

"बरं. आणखी कोणी तुमच्या विरोधात आहे असं वाटतं का?"

इथं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मेव्हणा आहे. हे डोकं त्याचंच असणार." मॅडमनी समजुतीनं मान हलवली. मी जितका जोर लावून सांगत होतो तितकी ती मान जास्त समजुतीनं हलत होती. कपाच्या तळाचा गाळ सांगितला, नळाच्या पाण्याची चव सांगितली, तारखेच्या जवळपास जाऊन केव्हा सुरू झालं तेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बरीच वर्षं दारू घेतली की मेंदूला असे संशय येतात, बायकोबद्दल तर हमखास येतात, घाबरायचं कारण नाही, कमी होतात. खोटं बोलत नव्हत्या त्या. असे लोक मी नंतर तिथंच बघितले. पण वेड्याला आणि खरं बोलणाऱ्याला एकच प्रश्न विचारले की दोघांची उत्तरं सारखीच येतात, हे मला त्या खुर्चीत बसून समजलं.

बाहेर झाडाखाली बायको बसली होती. मॅडमनी तिला विचारलं, "हे संशय घेतात का?" ती म्हणाली, "व्हय, लई घेत्यात." आणि ते खरंच होतं, मी बारवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांवर घेत होतो. चहाचं तिला कोणी विचारलंच नाही. तिनंही आपणहून सांगितलं नाही. अशा रीतीनं माझ्या गोळ्यांत संशयाची एक गोळी वाढली आणि माझा पलंग संशयवाल्यांच्या खोलीत लागला.

शेजारच्या पलंगावर एक चाचा होते. शहरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दारूचा थेंब त्यांनी आयुष्यात घेतला नव्हता. त्यांना आवाज ऐकू यायचे, आणि ते आवाज त्यांना सांगायचे की जेवणात काहीतरी मिसळलंय. त्यांची मुलगी त्यांना घेऊन आली होती. आधी तिनं खूप दिवस घरीच समजावून बघितलं होतं, मग ते फार वाळले तेव्हा आणलं. पहिल्या रात्री त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमारा क्या है?"

"बायको चहात काहीतरी घालते."

चाचा उठून बसले. त्यांचा चेहरा गावाकडचं माणूस परमुलखात भेटावं तसा झाला. "मेरी बेटी दाल में डालती. मैं बोला तो कोई नै मानता."

आम्ही दोघं एकमेकांशी फार सांभाळून वागायचो. त्यांचं खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं खोटं आहे असं त्यांना वाटत असावं, कारण एकदा ते फार प्रेमानं म्हणाले, "बीवी ऐसा नै करती, भाऊ. तुमारे कू वहम होंगा."

पहिले काही दिवस हात थरथरत होते, घाम येत होता, त्यावर औषध होतं. ते ओसरलं तसं खालचं वर आलं. सकाळी उठायची इच्छा होईना. प्राणायामाला बसलो की डोळ्यांतून पाणी यायचं आणि शिकवणारे गुरुजी म्हणायचे, "उत्तम, शुद्धी होते आहे." शुद्धी कसली डोंबलाची. मला रडू येत होतं. मॅडमनी मात्र ते ओळखलं. त्या म्हणाल्या, हे नैराश्य जुनं आहे, दारूखाली झाकलेलं होतं, याची गोळी बाहेर गेल्यावरही घ्यावी लागेल. हे त्यांचं बरोबर होतं हे मला त्यांच्यावर राग असतानाही मान्य करावं लागलं.

चहा मात्र मी तिथंही घेईना. एकदा चहाचा भरवसा गेला की सगळ्याच कपांचा जातो. योगवाले गुरुजी म्हणाले, "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो." मी म्हणालो, "गुरुजी, माझा प्रश्न चहाचा आहे. चहा सगळेच फुंकून पितात." त्यांना विनोद आवडला नाही. तिथं प्रत्येकाला काहीतरी काम असायचं, कोणाला झाडलोट, कोणाला वाफे. मॅडमनी विचार करून मला स्वयंपाकघर दिलं. म्हणाल्या, "तुम्हीच करा सगळ्यांचा चहा. मग तरी घ्याल ना?"

घेतला. फार दिवसांनी घशाखाली चांगला चहा गेला आणि मी पातेल्याजवळ उभा राहून दुसरा कप भरला. मोठ्या पातेल्यात चाळीसेक माणसांचा चहा करणं सोपं नाही. साखर अंदाजानं पडते आणि आलं कमीच पडतं. पण दोन दिवसांत माझा हात बसला. लोक सकाळी प्रार्थनेच्या आधी खिडकीशी येऊन विचारायला लागले, "आज तुम्हीच केलाय ना?" गेल्या कित्येक वर्षांत माझी अशी कोणी वाट बघितली नव्हती. चाचा दारात उभे राहून पत्ती टाकण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं बघायचे आणि मगच कप घ्यायचे. घेतल्यावरही तळ बघायचेच.

आठवड्यातून एकदा घरी फोन करता यायचा. पहिल्याच फोनला बायकोनं विचारलं, "घेतली का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फुलंब्री रोडच्या शेतात, कुंपणाच्या आत, भोपळा खाऊन दिवस काढणाऱ्या माणसाला ही विचारते घेतली का! मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन आपटला. ऑफिसमधला पोऱ्या बिचारा बघत राहिला. पुढच्या आठवड्यात मीच परत फोन लावला. ती म्हणाली, "गोळी. गोळी घेतली का, आसं इचारत व्हते." गोळीही वेलांटीवालीच, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

महिना उलटल्यावर कुटुंबाच्या भेटीचा दिवस आला. बायको सकाळच्या एसटीनं आली. नवी नाही पण इस्त्रीची साडी नेसली होती. मॅडमनी आम्हाला दोघांना समोरासमोर बसवलं आणि त्यांच्या मऊ आवाजात सुरुवात केली. म्हणाल्या, "काकू, यांच्यात खूप सुधारणा आहे. फक्त एक गोष्ट मनातून जात नाहीये. यांना अजून असं वाटतं की तुम्ही यांच्या चहात काहीतरी घालत होता. तर आज तुम्हीच यांना विश्वास द्या की…"

"घालत व्हते की," बायको म्हणाली.

मॅडमचं वाक्य तिथंच राहिलं.

"काय घालत होता?"

"पुडी. दारू सुटायची. भावानं आनून दिली व्हती."

मी खुर्चीतून उठलो. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. दोन्ही हात वर करून मी म्हणालो, "मी काय सांगत होतो! पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो!" इतका आनंद मला पगारवाढीला झाला नव्हता. मी वेडा नव्हतो. माझी जीभ शाबूत होती. मेव्हण्याचं डोकं आहे हेसुद्धा माझं खरं निघालं होतं.

मॅडमनी टेबलावरचा पेन उगाच उचलून परत ठेवला. मग सरळ म्हणाल्या, "काका, मी चुकले. मला काकूंना हे स्पष्ट विचारायला हवं होतं. मी तुम्हाला विचारत राहिले." त्यांनी माझी ती संशयाची गोळी त्याच दिवशी बंद केली. चुकले म्हणणारा डॉक्टर मी तोवर बघितला नव्हता. मग त्या बायकोकडं वळल्या आणि आवाजातला मऊपणा गेला. ते औषध पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळतो, माणूस जागेवर जाऊ शकतो, हे औषध रोग्याला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनंच देतात, असं त्यांनी तिला सांगितलं. "चौकात ते पडले ते याच्यामुळं," त्या म्हणाल्या.

बायकोचा चेहरा पांढरा पडला. हे तिला माहीत नव्हतं. ती पदर हातात घेऊन म्हणाली, "मला वाटलं नुसती उलटी व्हती. उलटी झाली की मानूस सोडतो, आसं पुडीवाले म्हनले."

आणि मी, ज्याला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं, तो म्हणालो, "न सांगता! नवऱ्याला न सांगता! यापुढं तुझ्या हातचा चहा मी घेणार नाही."

तेव्हा ती माझ्याकडं बघायला लागली. ते जुनंच बघणं. पण या वेळी बोलली.

"सांगून किती वरसं काढली? सांगून, रडून, लेकीची आन घालून. आयकलं का? रोडच्या भिंतीवर लिवलं व्हतं, न सांगता दारू सोडवा. म्हनलं सांगून झालं, आता न सांगता करून बघू. आन बारमधला मानूस काय वततो ते त्याला कधी इचारलं का तुमी? त्याच्या हातचं डोळे मिटून घेत व्हता. माझ्याच कपाचा तळ तेवढा बघता."

मग म्हणाली, "नका घेऊ." आणि उठून झाडाखाली जाऊन बसली. सुंठेवाचून खोकला जावा असं तिला वाटलं होतं, आणि माझा जीव जाता जाता राहिला होता. हे दोन्ही खरं होतं. मला त्यातलं एकच ऐकू येत होतं.

ती गेल्यावर मॅडमनी मला विचारलं, "घरी गेल्यावर चहा कुठं घेणार?"

"टपरीवर."

"टपरी कुठं आहे?"

टपरी बारच्या भिंतीला टेकून आहे. तिचा चुलाणा आणि बारचा जिना यांत चार पावलं नसतील. मॅडमनी पुढं काही विचारलं नाही. मलाही पुढचं कळत होतं. ज्या घरात चहा घेता येत नाही त्या घरात मी टिकणार नव्हतो. आज टपरीवर गेलो असतो आणि आठवड्यात जिना चढलो असतो.

बातमी सेंटरभर झाली. मी हिरो झालो. माझा चहा घ्यायला आलेले लोक हसून म्हणायचे, "यात काही नाही ना घातलं?" मीही हसायचो. फक्त चाचा हसले नाहीत. त्यांनी त्या दुपारपासून जेवण सोडलं.

मी ताट घेऊन खोलीत गेलो तर ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, "तुमारा सच्च निकला, भाऊ. मेरा बी सच्चा है. सब मेरे कू पागल बोलरे थे."

गेला महिनाभर मॅडम त्यांना कणाकणानं समजावत होत्या, आणि माझ्या एका आनंदानं ते सगळं पालथं झालं होतं. मी म्हणालो, "चाचा, माझ्या बायकोनं कबूल केलं. तुमच्या मुलीला विचारा ना."

"पूछा. रोने लगी."

"मग?"

"रोती तो क्या सच्ची होती?"

मी खाली बसलो, त्यांच्या ताटातली भाकरी मोडली, भोपळ्याची भाजी लावून खाल्ली. तो भोपळा मी स्वखुशीनं खाल्लेला एकमेव. मग वरण प्यालो. ते बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी मी जिथून मोडली होती तिथूनच भाकरी मोडली. रोज दोन्ही वेळा आम्ही असे एका ताटात जेवायला लागलो. मॅडमनी त्यांची औषधं बदलली, त्याचाही हळूहळू गुण आला. नुसत्या माझ्या जेवण्यानं काही कोणी बरं होत नसतं.

पण चहाच्या वेळची गोष्ट सांगायची राहिली. एकदा मी त्यांच्यासाठी वेगळा चहा केला, कमी साखरेचा, त्यांना लागतो तसा. आलं सकाळी वाफ्यातून मीच उकरून आणलं होतं. कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी कप उजेडाकडं धरला, तिरका केला, तळ बघितला, वास घेतला, आणि मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

मला काहीतरी टोचलं, आणि फार टोचलं. मी त्यांचं काहीही वाईट केलं नव्हतं. ते आजारी आहेत हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, कप हिसकून घ्यावा आणि मोरीत ओतावा. आपल्या हातानं केलेल्या चहाकडं कोणी असं बघतं तेव्हा करणाऱ्याचं काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरी मी किती सकाळी असा कप उजेडात धरला होता! ती ओट्याशी माझ्याकडं पाठ करून उभी असायची. तिचं पाठ करणं मला तेव्हा चोरीचं लक्षण वाटलं होतं.

घरी आलो तेव्हा थंडी ओसरत आली होती. बायकोनं दार उघडलं. ओट्यावर पत्तीचा डबा, साखरेचा डबा, दूध, चहाचं भांडं असं सगळं मांडून ठेवलेलं होतं. म्हणाली, "तुमचा तुमी करा." त्यात राग नव्हता. मॅडमनीच तिला तसं सुचवलं असणार.

तेव्हापासून आमच्या घरात दोन चहा व्हायला लागले. एका शेगडीवर तिचा, दुसऱ्या शेगडीवर माझा. दोन भांडी, दोन गाळण्या. कॉलेजला जाणारी लेक म्हणायची, "लोकांकडं दोन टीव्ही असतात." मी बायकोचा कप कधी मागितला नाही, तिनं कधी पुढं केला नाही. संध्याकाळी मी बसमधून एक स्टॉप आधी उतरायचो आणि गल्लीतून फिरून घरी यायचो. दार उघडलं की ती विचारायची, "घेतली का?" आणि मी म्हणायचो, "सकाळीच घेतली." ती गोळीचंच विचारत होती. तरी विचारताना ती किंचित पुढं वाकायची, माझ्या तोंडाजवळ. वास बघायची. मला ते दिसायचं. तिचाही तळ बघणं चालूच होतं. पूर्वीचा मी असतो तर दार आपटलं असतं. आता मी तिला नीट वास घेता येईल असा उभा राहायचो.

मग मला खोकला झाला. स्टोअरची जागा बदलली, गोण्यांची धूळ होती, ती छातीत गेली. दोन दिवस अंथरुणातच होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून ओट्यापर्यंत जायची ताकद नव्हती. आत शेगडी पेटल्याचा आवाज आला, पातेल्यावर चमचा वाजला. ती बाहेर आली ती कप घेऊन. एकच कप होता. चहा नेहमीपेक्षा गढूळ होता, वर बारीक कण तरंगत होते.

ती कप पुढं करायचं सोडून तशीच उभी राहिली.

म्हणाली, "सुंठ घातलीय. सांगून घालतेय."

मी कप घेतला. खिडकी माझ्या उजव्या हाताला होती, उजेड भरपूर होता. मी कप तिकडं धरला नाही. पहिला घोट घेतला. कडसर लागला, जिभेला झोंबला. सुंठ जास्त पडली होती, दूध कमी होतं, पत्ती उकळून उकळून काळी झाली होती. इतक्या महिन्यांत तिच्या हाताला सवय राहिली नव्हती. मला रडू आलं आणि खोकलाही आला. दोन्ही एकदम आले, त्यामुळं तिला काय चाललंय ते कळेना. ती परत आत गेली, भांडं घासत बसली.

तळाशी तपकिरी गाळ राहिला होता. मी कप गोल हलवला आणि तोही पिऊन टाकला.

आतून तिनं विचारलं, "घेतला का?"

"घेतला," मी म्हणालो.